गोकुळची बातमी वाचता, त्याच नजरेनं चिपची वाचा

कोल्हापूरच्या वाचकाला राजकीय बातमी वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. गोकुळ दूध संघानं दुधाला दोन रुपये वाढवून दिले, की दुसऱ्या ओळीत नाव कुणाचं आहे, फोटोत मधोमध कोण उभा आहे आणि विरोधी संचालकाचं म्हणणं कुठल्या पानावर ढकललंय, एवढ्यावरून तो बातमी कुठल्या गटाकडून आली ते सांगतो. साखर कारखान्याची सभा, थेट पाइपलाइन, टोल, महापालिकेचं टेंडर, सगळीकडे ही नजर चालते. पण त्याच पेपरात सेमीकंडक्टर चिपची, एआयची किंवा ईव्हीएमची बातमी आली की ती नजर झाकली जाते. यंत्राचा विषय म्हणजे इंजिनिअरांचा विषय, त्यात कसला गट आणि कसलं काय! नाहीतर दुसरं टोक: तालमीच्या ग्रुपवर मथळा पडतो, आपल्या पक्षाच्या सोयीचा असतो, आणि यंत्र नेमकं काय करतं हे वाचायची गरजच कुणाला वाटत नाही.

तंत्रज्ञानाच्या बातमीत उघड खोटं त्या मानानं कमी असतं. तिथं दोन प्रश्नांची सरमिसळ असते. यंत्रानं काय केलं, हा एक. त्याचं श्रेय किंवा दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हा दुसरा. बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर आधी ठरलेलं असतं आणि पहिल्याचं उत्तर त्याला जुळेल असं लिहिलं जातं. हे दोन प्रश्न सुटे करण्याची रीत खाली दिली आहे. सगळ्या पायऱ्या प्रत्येक बातमीला लागणार नाहीत. पहिली मात्र कधीच चुकवू नका.

पहिली पायरी: बातमी दोन रकान्यांत उतरवा

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘यंत्र’, उजवीकडे ‘सत्ता’. बातमीतलं प्रत्येक विधान यापैकी एका बाजूला टाका. एखादं विधान दोन्हीकडे बसतंय असं वाटलं, तर ते फोडून दोन वाक्यं करा.

जून २०२४ मधलं मुंबईचं उदाहरण घेऊ. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांनी ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना अवघ्या ४८ मतांनी हरवलं. मतमोजणी केंद्रात वायकरांच्या नातेवाइकानं मोबाइल वापरला, असा गुन्हा नोंदला गेला. १६ जूनला मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकानं छापलं की त्या मोबाइलवरच्या ओटीपीनं ईव्हीएम उघडता येत होतं. आदल्याच दिवशी इलॉन मस्क यांनी ‘ईव्हीएम बंद करा’ अशा अर्थाचं लिहिलं होतं, त्यामुळे बातमी वणव्यासारखी पसरली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी खुलासा केला: ईव्हीएम कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं आणि ते उघडायला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो मतमोजणीचे आकडे आयोगाच्या ‘एन्कोर’ या संगणक प्रणालीत भरणाऱ्या कर्मचाऱ्याला, लॉगिन करताना. त्या दैनिकानं पुढे आपली चूक मान्य केली.

आता रकाने भरा. डावीकडे: ईव्हीएमला ओटीपी लागतो का? नाही. उजवीकडे: मतमोजणी केंद्रात मोबाइलला मनाई असताना तो उमेदवाराच्या माणसाच्या हाती गेल्याचा आरोप आहे, तो खरा का, आणि खरा असेल तर जबाबदार कोण? ओटीपीची बातमी कोसळल्यावरही हा उजवीकडचा प्रश्न जागचा हलला नव्हता. एका बाजूच्या माध्यमांनी मोबाइलचं बोट धरून यंत्रच हॅक झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या बाजूच्या माध्यमांनी यंत्र हॅक झालं नाही, एवढ्यावर मोबाइलचा विषयच गुंडाळला. दोघांचाही कल दिसला तो रेघ पुसण्यात.

ईव्हीएमवर कुणाचं मत काय असावं, हा इथला विषय नाही. तुमचा त्या यंत्रावर विश्वास असो वा नसो, कागदावरची रेघ तीच राहते.

दुसरी पायरी: बातमी कुणी लिहून दिली ते शोधा

बातमीच्या पहिल्या ओळीआधी कंसात काय लिहिलंय, ते आपण सहसा वाचतच नाही. ‘कोल्हापूर, दि. १२ (जिमाका)’ असं असेल, तर ते जिल्हा माहिती कार्यालयाचं पत्रक आहे. सरकारनं लिहिलेली, सरकारच्या कामाची बातमी. त्यात चूक काही नाही. पण विरोधी बाजू त्यात असणारच नाही, हे धरून वाचायचं. ‘प्रतिनिधी’ लिहिलं असलं तरी खात्री नसते. पत्रक जसंच्या तसं घेऊन वर ‘प्रतिनिधी’ टाकायची पद्धत जुनी आहे.

ओळखायची सोपी युक्ती: बातमीतलं जरा वेगळं, लांबलचक वाक्य उचलून अवतरणचिन्हांत टाका आणि इंटरनेटवर शोधा. तेच वाक्य राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या ‘महासंवाद’ संकेतस्थळावर आणि आणखी चार पेपरांत सापडलं, तर चार पेपरांनी दुजोरा दिला असं समजू नका. तो एकच आवाज आहे. कंपन्यांच्या पत्रकांनाही हीच युक्ती लागू. स्टार्टअपची बातमी असेल तर हटकून करून बघा.

पुरवणीत पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’, ‘जाहिरात’ किंवा ‘मार्केटिंग उपक्रम’ असं काहीतरी असतं. मोबाइलवर वाचताना ते अजून बारीक होतं. पहिल्या पानावर सरकारची पानभर जाहिरात आणि आत त्याच योजनेची ‘विशेष बातमी’ एकाच दिवशी दिसली, तर दोन्ही शेजारी ठेवून शब्द जुळवून पाहा.

तिसरी पायरी: मूळ कागदापर्यंत जा

इथं वेळ लागतो, पण सगळ्यात जास्त हाती लागतं तेही इथंच. तंत्रज्ञानाच्या जवळपास प्रत्येक राजकीय बातमीमागे एखादा कागद असतो: न्यायालयाचा आदेश, शासन निर्णय, संसदेतलं लेखी उत्तर, दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा अहवाल, कंपनीनं शेअर बाजाराला दिलेली माहिती. बातमीत या कागदाचा उल्लेखच नसेल, तर तीसुद्धा एक खूणच.

पेगाससचं प्रकरण आठवा. जुलै २०२१ मध्ये जगभरच्या माध्यमांनी मिळून या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरच्या बातम्या दिल्या. भारतातल्या पत्रकारांचे आणि विरोधी नेत्यांचे नंबर संभाव्य लक्ष्यांच्या यादीत असल्याचं त्यांत म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. २५ ऑगस्ट २०२२ च्या सुनावणीत समितीच्या अहवालातला काही भाग सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितला. तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये कुठलातरी मालवेअर आढळला; तो पेगाससच होता असं ठामपणे म्हणता येत नाही; आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही.

यातून तीन मथळे निघतात. ‘पेगाससचा ठोस पुरावा नाही.’ ‘पाच फोनमध्ये मालवेअर.’ ‘केंद्राचं असहकार्य, समितीचा ठपका.’ तिन्ही खरे आहेत. तिन्हींपैकी एकच वाचणारा माणूस मात्र अर्धवट माहिती घेऊनच उठतो. म्हणून न्यायालयाच्या बातमीत मथळा सोडून द्यायचा आणि निरीक्षणांची यादी आपण करायची: काय आढळलं, काय आढळलं नाही, काय तपासताच आलं नाही. हा तिसरा भाग बातमीतून सर्वांत आधी गळतो. यंत्राच्या प्रकरणात ‘तपासता आलं नाही’ आणि ‘नव्हतं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

कागद मिळतात कुठे? शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तारखेनुसार असतात आणि प्रत्येकावर संगणक सांकेतांक क्रमांक असतो; बातमीत ‘शासनानं निर्णय घेतला’ असेल तर त्या विभागात त्या तारखेला शोधा. लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न आणि लेखी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. मंत्री कॅमेऱ्यासमोर जे बोलतात त्यापेक्षा लेखी उत्तर बरंच जपून दिलेलं असतं, म्हणून त्याला वजन जास्त. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल खुले असतात, काहींचं मराठी भाषांतरही असतं. आणि काहीच मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

‘फेक’ असा शिक्का मारलेली सरकारी चित्रं फिरतात, त्याबद्दलही एक नोंद. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षानं ठरवायचं, अशी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियमांत आली होती. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती तरतूद रद्द झाली. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) तथ्य तपासणी विभाग तरीही काम करतो, आणि बनावट भरतीच्या जाहिरातींसारख्या बाबतीत त्याचा उपयोगही होतो. धोरणावरच्या टीकेवर तो शिक्का दिसला, तर मात्र त्याला एका पक्षकाराचं म्हणणं समजा आणि मूळ कागद उघडा.

चौथी पायरी: घोषणा कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा

इच्छा, सामंजस्य करार, जागा, मंजुरी, निधी, निविदा, भूमिपूजन, बांधकाम, उत्पादन. पेपरात या सगळ्यांना एकच क्रियापद असतं: ‘येणार’. शेंडा पार्कातल्या आयटी पार्कची चर्चा ऐकत कोल्हापूरकरांची पोरं पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा हा टप्प्यांचा हिशेब आपल्याला तरी नव्यानं सांगायला नको. पुढच्या वेळी तशी बातमी आली की एवढंच शोधा: जागा आजच्या घडीला कुणाच्या नावावर आहे, अर्थसंकल्पात तरतूद किती आणि निविदा निघाली का. पाहणी दौऱ्याचा फोटो हा टप्पा नव्हे.

वेदांता-फॉक्सकॉननं तर अख्ख्या महाराष्ट्राला धडा दिला. १३ सप्टेंबर २०२२ रोजी या जोडीनं १.५४ लाख कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पासाठी गुजरातशी सामंजस्य करार केला. आधी तळेगावचं नाव चर्चेत होतं, त्यामुळे इथं वादळ उठलं. ‘प्रकल्प पळवला’ विरुद्ध ‘आधीच्या सरकारनंच घालवला’ अशा दोन छावण्या पडल्या आणि माध्यमंही त्यांत वाटली गेली. काही दिवस रोज नवा आरोप, नवं प्रत्युत्तर. या गदारोळात डावा रकाना जवळपास कोरा राहिला: चिप बनवण्याचं तंत्रज्ञान यांच्यापैकी कुणाकडे आहे? वेदांताचा व्यवसाय धातू, खाण आणि तेलाचा. फॉक्सकॉनची ओळख इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जोडणी करणारी कंपनी म्हणून. तंत्रज्ञान देणारा तिसरा भागीदार कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मथळ्यात यायला हवा होता. १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉन या संयुक्त प्रकल्पातून बाहेर पडली. ज्याच्यासाठी दोन्हीकडून घसे कोरडे केले, तो कारखाना कुठंच उभा राहिला नाही. ‘गेला’ची बातमी पहिल्या पानावर होती, ‘मोडला’ची आतल्या अर्थविषयक पानावर शोधावी लागली.

दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतल्या करारांच्या बातम्यांना हाच टप्प्यांचा हिशेब लावा. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्या आठवड्यात लाख कोटींचे आकडे पडतात. विरोधक त्याला धूळफेक म्हणतात आणि पुढच्या वेळी सत्तेत आले की तेही दावोसला जातात.

पाचवी पायरी: आकडा फोडा

आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा. कशापैकी? कधीपासून कधीपर्यंत? आणि पैसा असेल तर कुणाच्या खिशातला?

खिशाचं उदाहरण: गुजरातमधल्या साणंदचा, मायक्रॉन या अमेरिकी चिप कंपनीचा प्रकल्प. जून २०२३ मध्ये ‘२७५ कोटी डॉलरची गुंतवणूक’ असं सगळीकडे छापून आलं. त्यात मायक्रॉनचे स्वतःचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर, म्हणजे ३० टक्के. ५० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे. हे लपवलेलं नव्हतं, जाहीरच होतं, पण ‘परदेशी कंपनीची गुंतवणूक’ या शब्दांखाली दबून गेलं. शिवाय तिथलं काम चिपच्या चाचणीचं आणि पॅकेजिंगचं. सिलिकॉनच्या चकतीवर चिप कोरण्याचं काम वेगळं, त्याला फॅब म्हणतात. मथळ्यात दोन्हीला ‘चिप कारखाना’ म्हणतात. सरकारच्या बाजूचा पेपर पॅकेजिंगला फॅबच्या थाटात मांडतो आणि विरोधातला ‘नुसतं पॅकिंग’ म्हणून हिणवतो. चिपच्या धंद्यात पॅकेजिंग हीसुद्धा अवघड कामगिरी आहे, त्यामुळे हिणवणाऱ्याचंही अज्ञानच दिसतं.

काळाचं उदाहरण: ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अनेक विरोधी नेत्यांना अ‍ॅपलकडून सूचना आली की सरकारपुरस्कृत हल्लेखोर त्यांच्या आयफोनला लक्ष्य करत असावेत. लगोलग ‘१५० देशांत अशा सूचना’ हा आकडा पुढे आला आणि त्याच दिवशी जगभर घाऊक निरोप गेल्याचा अनेकांचा समज झाला. १५० देश हा अ‍ॅपलनं ही सोय सुरू केल्यापासूनचा, म्हणजे २०२१ पासूनचा एकत्रित आकडा होता. दुसऱ्या बाजूला, हल्लेखोर कुठल्या देशाचा हे अ‍ॅपलनं सांगितलंच नव्हतं. काही सूचना चुकीच्या असू शकतात, हेही कंपनीनंच म्हटलं होतं. तरी ‘सरकारकडून हेरगिरी, अ‍ॅपलची कबुली’ असे मजकूर फिरले.

आणि ‘कशापैकी’चं उदाहरण आपल्या घरातलं. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला, जिओच्या मालकांच्या म्हणजे अंबानी कुटुंबाच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात गेली आणि कोल्हापूर-सांगलीत जिओवर बहिष्काराची लाट आली. लोकांनी खरोखर नंबर पोर्ट केले. आपण सगळ्यांनी ते पाहिलं. पण किती जणांनी? दर दिवशी नवा आकडा फिरत होता, आणि सांगणाऱ्याच्या बाजूनुसार तो फुगत किंवा आटत होता. तपासायचा कसा? ट्राय दर महिन्याला ग्राहकसंख्येचे आणि पोर्टिंगच्या विनंत्यांचे आकडे प्रसिद्ध करते, पण दूरसंचार परिमंडळानुसार. आपलं परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र, अधिक गोवा. जिल्ह्याचा आकडा त्यात नसतोच. म्हणजे ‘कोल्हापुरात इतक्या हजारांनी सिम बदलली’ असं छापणाऱ्याकडे तो आकडा कंपनीकडून आला असणार, दुकानदारांच्या अंदाजावरून किंवा आंदोलकांच्या दाव्यावरून. तिघांपैकी कोण, हे बातमीत लिहिलं नसेल तर आकडा खोडा. लोकांचा राग खरा होता. त्याला असल्या आकड्याच्या टेकूची गरज नव्हती.

हीच पायरी आता एआयच्या उसाला लावून बघा, कारण पुढची काही वर्षं हा विषय आपल्या पेपरांतून हलणार नाही. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानं उसावर केलेल्या प्रयोगाचं कौतुक जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी केलं. त्याच वर्षी राज्यानं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. कारखान्यांच्या सभांतून उत्पादनवाढीचे टक्के ऐकू येऊ लागले. आता उसाला टक्के पुरत नाहीत हे करवीर-शिरोळच्या शेतकऱ्याला सांगायला नको. वाढ कुणाच्या तुलनेत? शेजारच्या पाटपाण्याच्या रानाच्या, की ठिबकवरच्या रानाच्या? आडसाली लागण (दीड वर्षाचं पीक) विरुद्ध खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) असा हिशेब तर नाही ना? बेणं तेच होतं का, खताचा खर्च कुणी केला? प्लॉटमध्ये हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाइलवरचा सल्ला असं सगळं एकदम आलं असेल, वर ठिबकही नवं असेल, तर वाढीतला एआयचा वाटा वेगळा काढला आहे का? हे प्रश्न विचारणं म्हणजे प्रयोगाला विरोध नव्हे. कारखान्याचे अध्यक्ष कुठल्या पक्षात आहेत यावरून एकरी टनेज ठरत नाही, इतकंच.

सहावी पायरी: नावं बदलून वाचा

बातमीतलं पक्षाचं नाव पुसा, विरोधी पक्षाचं टाका, क्रियापदं तीच ठेवा. ‘ठणकावलं’, ‘चपराक’, ‘दणका’, ‘दिलासा’, ‘मास्टरस्ट्रोक’ हे शब्द अजून तितकेच पटतात का? ‘आपल्या’ नेत्यानं ‘स्पष्ट केलं’ आणि ‘त्यांच्या’ नेत्यानं ‘दावा केला’ असं होतं का, ते पाहा.

आधार हे यासाठी छान मैदान आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं आणि भाजपचे नेते योजनेवर टीका करत होते. सत्ता बदलली, २०१६ मध्ये भाजप सरकारनं आधारचा कायदा धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येणार नाही अशा रीतीनं, संमत केला आणि टीका करायची पाळी काँग्रेसची आली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि खासगी कंपन्यांना आधार मागू देणारा भाग रद्द केला. दोन्ही बाजूंनी तो आपलाच विजय म्हणून सांगितला! बोटांचे ठसे तेच, यंत्र तेच. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात एकाच दिवसाचे वेगवेगळे पेपर शेजारी ठेवून वाचता येतात. मोबाइलवर ही सोय नाही, तिथं तुम्हाला आवडेल तेच पुढे येतं.

सातवी पायरी: काय गाळलं ते विचारा

७ जून २०२३ चा दिवस कोल्हापूर विसरलेलं नाही. मोबाइलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर पेटलं, बंद पुकारला गेला, दगडफेक आणि लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. त्या दिवसांतल्या वार्तांकनात दोष कुणाचा यावर रकानेच्या रकाने भरले. इंटरनेटबंदीचा मात्र ‘खबरदारी म्हणून सेवा बंद’ असा एका ओळीत निकाल लागला. एकानं ते प्रशासनाची तत्परता म्हणून मांडलं, दुसऱ्यानं मुस्कटदाबी म्हणून. दोघांनीही मूळ आदेश छापायला हवा होता.

इंटरनेट बंद करणं हा तांत्रिक आणि कायदेशीर, दोन्ही निर्णय असतो. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, ते बेमुदत असू शकत नाहीत आणि कारणाच्या प्रमाणात असावे लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही कारण आणि क्षेत्र नमूद करणं, आदेश प्रसिद्ध करणं आणि कमाल पंधरा दिवसांची मर्यादा आहे. म्हणजे अशी बातमी वाचताना हे शोधायचं: आदेशावर सही कुणाची, कुठल्या तालुक्यांसाठी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, फक्त मोबाइल डेटा की घरचं ब्रॉडबँडही, आणि आदेश कुठे प्रसिद्ध झाला. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याचा क्यूआर कोड किती तास मुका होता, हेही त्यात येतं. यातलं काहीच नसेल, तर बातमी दंगलीच्या राजकारणाची आहे, इंटरनेटबंदीची नाही, असं कागदावर लिहून ठेवा.

आठवी पायरी: मालक पाहा, पण शेवटी

अनेकजण इथूनच सुरुवात करतात आणि ‘विकलेली माध्यमं’ म्हणून मोकळे होतात. मग वाचायचं काही उरतच नाही. मालकी माहीत मात्र हवी. न्यूज एटीन समूह रिलायन्सकडे आहे. म्हणून जिओच्या बहिष्काराची बातमी ‘न्यूज एटीन लोकमत’वर पाहताना हे नातं ध्यानात ठेवायचं. एनडीटीव्ही डिसेंबर २०२२ पासून अदानी समूहाकडे, त्यात एनडीटीव्ही मराठीही आलं. लोकमत दर्डा कुटुंबाचं, आणि त्या कुटुंबातले काहीजण काँग्रेसकडून खासदार-मंत्री होते. सकाळ पवार कुटुंबातल्या एका शाखेकडे आहे, आणि बारामतीचा कृषी ट्रस्टही त्याच कुटुंबाशी जोडलेला आहे. सामना तर उघडच पक्षाचं मुखपत्र, त्यामुळे वाचायला उलट सोपं. पुढारी आपल्याच शहरात वाढलेला, जाधव कुटुंबाचा. वर्गणीवर चालणारी स्वतंत्र संकेतस्थळंही यातून सुटत नाहीत. त्यांना वर्गणी देणाऱ्या वाचकाची नाराजी परवडत नाही.

मालकीवरून बातमी खोटी ठरत नाही. एखाद्या समूहानं आपल्याच मालकाच्या गैरसोयीची बातमी ठळक दिली, तर तिला जास्त भाव द्यायचा. मालकाच्या सोयीची असेल तर मूळ कागदाशी ताडून मगच पुढे जायचं.

नववी पायरी: तारीख टाका आणि पत्र लिहा

‘येणार’च्या बातमीचं कात्रण काढा किंवा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर टप्पा लिहा आणि सहा महिन्यांनंतरची आठवण मोबाइलवर लावा. त्या दिवशी फक्त टप्पा बदलला का ते पाहायचं. ग्रुपवर फॉरवर्ड करायचं असेल तर मथळ्याचं चित्र पाठवू नका; मूळ बातमीची लिंक आणि सोबत डाव्या रकान्यातलं एक वाक्य पाठवा. भांडण थांबणार नाही, पण निदान ईव्हीएमच्या ओटीपीवरून होणार नाही.

बातमीत तांत्रिक चूक सापडली तर संपादकांना लिहा. पत्र चार ओळींचं ठेवा: तारीख, आवृत्ती आणि पान; चुकीचं वाक्य जसंच्या तसं; बरोबर काय आणि ते कुठल्या कागदात आहे; आणि दुरुस्ती छापण्याची विनंती. ‘तुम्ही अमुक पक्षाचे’ हे एक वाक्य आलं की पत्र बाजूला पडतं, म्हणून ते लिहायचं नाही. दैनिकानं दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलकडे, तक्रार करता येते. त्याआधी संपादकांना लिहिलेलं असणं गरजेचं आहे आणि दैनिकासाठी मुदत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची. वाहिनीची तक्रार आधी त्या वाहिनीकडेच, प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत करायची असते, त्यामुळे कार्यक्रमाचं नाव आणि वेळ तेव्हाच टिपून ठेवा. संकेतस्थळाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. पत्राची प्रत आपल्याकडे राहू द्या. दुरुस्ती छापून आलीच, तर ती कुठल्या पानावर आली हेही त्याच कागदावर नोंदवा.